नमुना नाही, जंतू नाही

१२ जाने., सोम. अमरावती
आजपासून फिरती. कोणत्या वॉर्डात किती संसर्ग, कोणतं औषध कुठल्या जंतूवर चालेनासं झालंय, हे आमची लॅब दर महिन्याला सगळ्या रुग्णालयांना कळवते. ते कोणी वाचतं का, काही उपयोग होतो का, हे विचारून यायचं. पहिल्याच ठिकाणी दोघं म्हणाले, ‘उत्तम.’ आकडे उघडायचा पासवर्ड मात्र कोणालाच आठवेना.

१४, बुध.
संक्रांत. सुट्टी. मामीचा अकोल्याहून फोन. वांग्याच्या वाफ्यात मामांच्या पायात काटा मोडला होता, तो चिघळला. त्यात शुगर. ॲडमिट केलंय. परवा तिथंच जायचंय कामाला.

१६, शुक्र. अकोला
सर्जन डॉ. क. स्पष्ट बोलले. "तुमचे आकडे पाहून ट्रस्टी मले विचारतात, संसर्ग तुमच्याच वॉर्डात काहून? शेजारचं हॉस्पिटल जखमांचे नमुनेच तपासायला पाठवत नाही, तिथं संसर्ग शून्य. मग मीही बंद केले. नमुना नाही, जंतू नाही. लिहून घ्या."
लिहून घेतलं. गेल्या खेपेला याच वॉर्डाला आम्ही ‘लक्षणीय सुधारणा’ असा शेरा दिला होता.
मामा त्याच वॉर्डात, खिडकीजवळ. ताप. सलाईनमधून औषध चालू. सिस्टरना विचारलं, जखमेचा नमुना गेला? "नाही मॅडम. सरांनी सांगितलं नाही."

१७, शनि.
सकाळी पुन्हा डॉ. क. यांच्याकडे, मामांचा नमुना पाठवा म्हणून.
"मॅडम म्हणून आल्या का भाची म्हणून?"
"भाची म्हणून."
त्यांनी नमुन्याचा फॉर्म पुढे ओढला. मग, "पाठवतो. पण हा संसर्ग माझ्या नावावर चढणार."
चढणारच. खोटं कशाला सांगू.

२०, मंगळ.
रिपोर्ट आला. चालू होतं ते औषध या जंतूवर निरुपयोगी. दुपारी बदललं. तोवर करंगळी काळी पडली होती, काढावी लागली. मामी बाहेर बाकावर. मी पण.
मामा शुद्धीवर आल्यावर, "कावून तोंड पाडून बसली वं? एक बोट गेलं त काय, चप्पल त घालता येते न."
ताप उतरलेला नाही.

२२, गुरु. अमरावती
अहवाल लिहिला. आमच्या आकड्यांच्या धास्तीनं नमुने बंद झाले, हे पहिल्याच ओळीत. नमुने किती पाठवले तेही दाखवा, नाही पाठवले तिथं शून्य लिहू नका, असंही.
आमचे सर म्हणाले, "जरा सौम्य करा. ‘काहींना शंका आहेत’ एवढं पुरे."
नाही केलं. डॉ. क. यांचं नाव मात्र गाळलं. नाव टाकलं तर पुढच्या खेपेला कोण खरं बोलेल?

२४, शनि.
मामी म्हणते, काल रात्रीपासून ताप नाही. जखम अजून ओली. अहवाल सरांच्या टेबलावरच.

२७, मंगळ.
डॉ. क. यांचा फोन. मला वाटलं मामांचं काही.
"मामा ठीक आहेत. दुसरी एक पेशंट आहे, बाळंतीण. टाके पिकले. नमुना पाठवू?"
"पाठवा."
"आणि ट्रस्टींना? आकडा काहून वाढला ते तुमी येऊन सांगणार?"
येते म्हणाले.
सरांना अजून विचारलेलं नाही.