चेहरे उजळून मिळतील

६ जानेवारी, मंगळवार

आज दीपमालाचा फ्लेक्स केला. वीस बाय दहा! ऑर्डर गोलूभाऊंची. गोलूभाऊ म्हणजे आमच्या हदगावचे युवा नेते, वय बेचाळीस. फ्लेक्सवर गोलूभाऊ कमरेपासून वर, हात जोडून. त्यांचे कार्यकर्ते गोल गोल चौकटीत. आणि खाली कोपऱ्यात उरलेल्या जागेत दीपमाला — जिच्यासाठी हा सगळा खटाटोप! पोरगी केनियात जाऊन शर्यतीत तिसरी आली. आपल्या तालुक्याची.

चेहरा नेहमीसारखा उजळला. दुकान लक्ष्मणमामाचं, कॉम्प्युटरवर मी. फोटो आला की आधी चेहरा उजळायचा, मग नाव टाकायचं. वाढदिवस असो, निवडणूक असो, नाहीतर श्रद्धांजली. "माणूस काळा आला तरी आपल्याकडून काळा जाऊ नये," हे मामाचं तत्त्वज्ञान. बाहेर बोर्डावरच लिहिलंय, 'चेहरे उजळून मिळतील'.

माझ्या बायोडाटाचा फोटोही मीच उजळलाय. जरा हात सैल सुटला. लातूरच्या स्थळाकडे तोच गेलाय. मुलगा यज्ञेश, ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, येत्या अठराला बघायला येणार. दोनदा फोनवर बोललो. आवाज चांगला आहे, हसतो पण चांगला. मला हे जमायला हवंय. कुणाला सांगणार नाही, इथं लिहिते — खरंच हवंय. आधीची दोन स्थळं पोहे खाऊन गेली आणि मग निरोप आला, मुलगी फोटोत वेगळी दिसते.

७ जानेवारी

मेले!

दीपमाला सकाळी बसनं आली. स्टँडवर उतरली, समोर आमचा फ्लेक्स. गोलूभाऊंनी त्याचाच फोटो फेसबुकवर टाकला होता — 'तालुक्याची गोरीपान वाघीण'. त्याच्याखाली तिनं स्वतः कॉमेंट केली. जशीच्या तशी उतरवून घेते:

'केनियातल्या पोरी मला गोरी म्हणत होत्या. हदगावात मी काळी. अन् फ्लेक्सवर तर भूत. एकदा काय ते सगळ्यांनी मिळून ठरवा. मी तोवर पळून राहिले.'

दुपारपर्यंत कॉमेंट नांदेडला पोचली. संध्याकाळी पुण्याची माणसं शेअर करत होती. मामानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. म्हटलं, अर्धं कशाला? म्हणाला, "पुरं ओढलं तर लोकायला वाटंल आपणच केलं."

८ जानेवारी

सगळ्या ग्रुपवर एकच विषय. शाळेच्या ग्रुपवर आमच्या जुन्या सरांनी लांबलचक लिहिलंय, विठ्ठल काळा, कृष्ण काळा, शाळिग्राम काळा. याच सरांनी गॅदरिंगच्या स्वागतगीतात मला मागच्या रांगेत उभं केलं होतं. 'उंच आहेस' म्हणून. मी उंच नाही.

ब्युटी पार्लरवाल्या काकूंनी स्टेटस ठेवलं, 'सावळा रंग हाच खरा दागिना'. खाली फेशियलवर सूट.

गोलूभाऊ म्हणतात हा विरोधकांचा कट आहे. विरोधकांनी आमच्या दुकानात शिरून पोरीला गोरं केलं म्हणे! विरोधकांचा फ्लेक्सही आम्हीच छापतो, हे त्यांना माहीत आहे. तेही सगळे गोरेच आहेत.

यज्ञेशनंही दीपमालाची कॉमेंट शेअर केलीय. वर लिहिलंय, 'मी या बहिणीसोबत उभा आहे.' वाचून आधी आनंद झाला. मग माझा फोटो आठवला.

९ जानेवारी

निषेध मोर्चा होता. रंगभेदाचा धिक्कार असो वगैरे. तहसीलला निवेदन द्यायचं, दंडाला काळ्या फिती बांधून. निघता निघता कुणीतरी म्हणालं, अरे, काळा म्हणजे वाईट असं आपणच म्हणून राहिलो की! फिती सोडल्या. पांढऱ्या आणल्या. त्यावर दुसरा म्हणाला, पांढरं चांगलं हे तर त्याहून वाईट. मोर्चा अर्धा तास चौकात उभा. शेवटी पिवळ्या बांधल्या. सगळे हळदीला निघाल्यासारखे दिसत होते. तहसीलच्या शिपायानं विचारलं म्हणे, कुणाचं लगीन हाय?

यूट्यूब चॅनलचा एक पत्रकार थेट दुकानात घुसला. "हेच ते दुकान!" असं कॅमेऱ्याकडे ओरडून माइक मामाच्या तोंडाशी. "तुम्ही वर्णद्वेषी आहात का?"

मामा म्हणाला, "न्हाई. आमी फ्लेक्सवाले हाव."

हा व्हिडिओ जास्त चालला.

११ जानेवारी, रविवार

ती आली!

मामा जेवायला गेला होता. दारात एक उंच पोरगी, ट्रॅकसूट, पायांत धूळ. मी ओळखलंच नाही. फोटो तिचा मीच केला, आणि मीच ओळखलं नाही.

"फ्लेक्स तूच केलता का?"

खोटं बोलायची सोय नव्हती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "हाव," म्हटलं.

"माझे बूट लाल हायत. ते बी पांढरे केले की तू!" आणि हसायला लागली. इतकी मोठ्यानं, की समोरचा झेरॉक्सवाला बाहेर आला.

चहा मागवला. तिनं बिनसाखरेचा घेतला. म्हणाली, "कॉमेंट टाकून पस्तावले बघ. आता रोज कोनीतरी येतं अन् माझ्या काळेपनाचा सत्कार करून जातं. काल शाल दिली. पळायचं कवा मी?" मग विचारलं, "सगळ्यायलाच गोरं करता का?" म्हटलं, सगळ्यांना. "अन् सोताला?"

मी चहाचा कप उगाच फिरवत बसले. जाताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या टायमाला बूट लाल ठेव."

१२ जानेवारी

यज्ञेशला खरा फोटो पाठवला. दुकानाबाहेर उन्हात उभी राहून झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतला. काही केलं नाही त्याला, कापलासुद्धा नाही, मागं मामाची मोटरसायकल आहे. खाली लिहिलं, 'आधीचा फोटो मी उजळलेला होता. मी अशी दिसते. यायचं की नाही ते ठरवा.'

पाठवला आणि फोन उशीखाली ठेवला. मग काढला. परत ठेवला.

१३ जानेवारी

निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलंय. उत्तर नाही.

आईला सांगितलं नाही. ती पाहुण्यांसाठी पोहे निवडून राहिलीय.

१४ जानेवारी, संक्रांत

उत्तर आलं! एकच शब्द, 'रिस्पेक्ट'. पुढे जोडलेले हात.

म्हणजे येणार! मी दुकानात टुणकन उडी मारली, मामा घाबरला. नंतर दिवसभर तो शब्द डोक्यात. रिस्पेक्ट कशाचा? मी काय सीमेवरून आले? पण नको, खुसपटं काढायची नाहीत. माणूस चांगला आहे, म्हणून तर येतोय.

आज काळी साडी नेसायची होती. वर्षातून एकदा तर काळं चालतं. आई म्हणाली, "नगं माय, तू दिसायची न्हाईस त्याच्यात." मग स्वतःच हसली. मी पण हसले. नेसले.

१५ जानेवारी

गोलूभाऊ आले. त्यांना नवा फ्लेक्स पाहिजे. चेहरा उजळायचा नाही, उलट — "जरा काळं कर मला. जमिनीवरचा मानूस दिसलो पायजे." कॉम्प्युटरवर उजेड एक घर खाली आणला. "अजून." अजून आणला. "अजून! उन्हातान्हात फिरल्यावानी." शेवटी नुसते दात आणि सोन्याची साखळी दिसायला लागली, तेव्हा म्हणाले, "आत्ता कसं!"

स्टँडवर लावला. त्यांच्या आईनं विचारलं म्हणे, ह्यो कोन?

१६ जानेवारी

मामानं वाऱ्याची दिशा बघून जाहीर केलं, आजपासून ओरिजनल रंग. पहिलं काम नागाबाईंची श्रद्धांजली. आजी गेल्या, नव्वदीच्या होत्या. फोटो जसा होता तसा छापला.

संध्याकाळी सगळं कुटुंब फ्लेक्स गुंडाळून परत घेऊन आलं. "आमची आजी एवढी काळी नव्हती!" मामा म्हणाला, "अहो, फोटो तर तुमीच देलाय." थोरला नातू म्हणाला, "देलाय. पन उजळून देताव म्हनून देलाय की!"

उजळून दिला. आजी आता गोलूभाऊंच्या पहिल्या फ्लेक्ससारखी दिसते. सगळे डोळे पुसत घेऊन गेले.

उद्या एक दिवस. परवा तो.

१८ जानेवारी, रविवार

आले, गेले. सगळं लिहून काढते, नाहीतर झोप लागणार नाही.

यज्ञेश आणि त्याची आई चंद्रप्रभाबाई. दिसायला तो बरा आहे, आवाजासारखाच. चंद्रप्रभाबाईंनी माझा हात हातात घेतला, बांगड्या बघितल्यासारखं करून मनगट उलटंपालटं केलं. "दुसरा फोटो दाखवला बरं का यज्ञेशनं. मी म्हटलं, असू दे. घरातच तर राहायचंय." माझ्या आईनं घाईनं पोह्यांचा ट्रे पुढं केला.

मग आम्हां दोघांना गच्चीवर पाठवलं. मी मनाशी काय काय ठरवून ठेवलं होतं — सिनेमा कुठले आवडतात, लातुरात मला काम मिळेल का, जेवणात तिखट किती लागतं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी खूप सोसावं लागलं असेल ना तुम्हांला?"

म्हटलं, "तशी मी मजेत होते."

त्याचा चेहरा पडला. "नाही, आठवा. काहीतरी असेलच."

मला वाईट वाटलं त्याच्यासाठी. गॅदरिंगची मागची रांग सांगितली. त्यानं डोळे मिटून घेतले. मग व्यवस्था, मानसिकता, गुलामगिरी, केनिया. केनिया कुठं आहे हे त्याला नीट माहीत नव्हतं, पण कळकळ होती. मी फ्लेक्सचं काम करते हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं! 'काहीतरी कॉम्प्युटरचं' एवढंच.

खाली आलो आणि त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "आई, माझं ठरलंय. मी हिला स्वीकारतो." माझी आई रडायलाच लागली. मामानं लगेच पेढे आणायला मोटरसायकल काढली. मग एक सेल्फी. मी खिडकीजवळ उभी राहिले, उजेड तिथं चांगला येतो. तो म्हणाला, "तिथं नको. इकडे कोपऱ्यात या. तिथं तुमचा रंग येत नाही."

जमलं म्हणायचं. मला पाहिजे होतं ते झालं. मग मी पेढा तोंडात धरून का बसले होते कुणास ठाऊक.

१९ जानेवारी

त्यानं सेल्फी टाकलीय. 'रंग नाही, मन पाहिलं. सुरुवात स्वतःपासून. बहीण दीपमाला, तुझ्या शब्दाला जागलो.'

दुपारपर्यंत पाचशेच्या वर अंगठे. कॉमेंटी सगळ्या वाचल्या. 'सर, तुमच्यासारखे तरुण हवेत.' 'केवढं मोठं काळीज!' 'वहिनी नशीबवान.' एकानं लिहिलंय, 'असा त्याग आजकाल कोण करतो?' त्यानं प्रत्येकाला जोडलेले हात पाठवलेत. त्यागवाल्यालाही.

फोटो मोठा करून बघितला. सवय. माझ्या मागं टेबलावर आमची कपबशी आहे, पांढरीशुभ्र, पाहुण्यांसाठीची. फोटोत ती राखेच्या रंगाची झालीय. त्याच्या बाजूची भिंत मात्र पांढरीच. म्हणजे माझी बाजू तेवढी खाली ओढलीय. मला काळं केलंय! गोलूभाऊ निदान स्वतःला करून घेतात.

हसले आधी. खूप हसले. मग दुकानाच्या मागं मोरीत जाऊन रडले. तोंड धुतलं.

घरी येऊन आईला सांगितलं, मला हे नको. तिनं ऐकलंच नाही. "इतकं चांगलं स्थळ! तो तर तुला हाय तशी पत्करतोय!" मी फोन तिच्या हातात दिला. चष्मा लावून तिनं एकेक कॉमेंट वाचली, ओठ हलवत. त्यागाशी थांबली. परत वाचलं.

मग म्हणाली, "ह्यांनी तुला काय रस्त्यावरून उचलून आनलंय का?"

चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी उठली नाही.

२० जानेवारी

आत्ता त्याच्या पोस्टखाली लिहून टाकलं:

'मी ज्ञानेश्वरी. फोटोतली मुलगी. आमच्याकडून नकार आहे. मुलगा पसंत नाही. रंगाचा काही संबंध नाही.'