निचऱ्याचं तेल

३ फेब्रुवारी

तेलवाल्या देशांनी संगनमत करून पुन्हा उत्पादन घटवलं. दुपारपर्यंत भट्टीच्या तेलाचा भाव दीडपट! आम्ही औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवतो, आमचं कुणाशी भांडण नाही. पण त्यांनी तिकडे तोटी आवळली की इकडे माझ्या घशाला कोरड पडते.

६ फेब्रुवारी

टँकर आला नाही. औषध कंपनीने ऑर्डर अर्ध्यावर आणली — माल न्यायला त्यांच्या ट्रकना डिझेल नाही. बाटल्या पोचत नाहीत म्हणून औषध कमी, औषध कमी म्हणून भाव वर. अर्थव्यवस्था म्हटलं की मी पेपरचं पान उलटायचे. आता ती माझ्याच गोदामात येऊन बसलीय, खोक्यांवर.

९ फेब्रुवारी

भट्टीचे मिस्त्री म्हणाले, "ताई, निचरा करून घेऊ या."

भट्टी बंद करायची तर आधी चांगली तापवून आतली सगळी काच बाहेर सोडावी लागते. त्यासाठी थोडं तेल कायम बाजूला ठेवायचं, ही बाबांची शिस्त. निचरा न करता विझली तर काच आतच गोठते आणि भट्टी तडकते. मग नवीच बांधायची, आणि ती ऐपत आपली नाही.

निचरा केला तर भट्टी वाचेल, पण कामगार पांगतील. साठ घरं तिच्यावर जेवतात. काही सुचत नाही.

१० फेब्रुवारी

दादा-वहिनी जेवायला आले. दादा तेल खात्यात, मोठ्या हुद्द्यावर. त्याला सरळच विचारलं. पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "आठवड्याभरात जहाजं लागतील. उगाच घाबरून बंद करू नकोस."

सख्खा भाऊ! जिवात जीव आला.

११ फेब्रुवारी

मिस्त्रींना नाही म्हणून सांगितलं. निचऱ्याचं तेल जाळायला काढलं.

१५ फेब्रुवारी

जहाजाचा पत्ता नाही. दादाला फोन केला, तर "धीर धर" म्हणाला. मंत्रीही पेपरात तेच म्हणतात.

१७ फेब्रुवारी

विझली.

मिस्त्री आणि मी बाहेर उभे होतो. आतून तडकल्याचे आवाज येत राहिले. मिस्त्रींनी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दादावर चिडावंसं वाटत नाही. तेल दुसऱ्यांचं, जहाजं दुसऱ्यांची, त्याच्या हातात काय आहे? मोठा साहेब झाला तरी तोही माझ्यासारखाच आशेवर असणार.

२० फेब्रुवारी

कामगारांचं काय करू, हे विचारायला दादाकडे गेले. तो ऑफिसातून यायचा होता. वहिनीने चहा टाकला. म्हटलं, कशाला गॅस जाळतेस, कुठे मिळत नाहीये.

"अगं, आपल्याकडे आहे भरपूर. त्या दिवशी तुझ्याकडून जेवून निघालो ना, तेव्हा गाडीतच म्हणाले हे — उद्याच्या उद्या सिलिंडर भरून ठेव, दोन-तीन महिने काही येत नाही."

चहा घेतला. दादा यायच्या आत निघाले.