भाषांतरातली गफलत

९ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पांना धाकटीचा नमस्कार.

पत्र मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. पण त्याच पत्रात गच्चीवर चढून टाकी पाहून आल्याचंही लिहिलंत. म्हणजे गुडघा सुधारला, तुम्ही नाही. फोन का करत नाहीस, असं दादा विचारत होता. त्याला सांगा, तुम्हांला ऐकू येत नाही आणि इथल्या भिंती अशा पातळ, की मी ओरडून बोलले तर अख्ख्या वकिलातीला आपल्या घरची खबर लागेल.

इथे सगळं ठीक. आपल्याकडचं शिष्टमंडळ येऊन गेलं. त्यांच्यासाठी सभागृहात ‘आशिया-आफ्रिका, हातात हात’ असा मोठा फलक लावला होता. पंखा लावला की तो सुटायचा, म्हणून पंखा बंद आणि पाहुणे घामाघूम. दोन देशांची मैत्री म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं.

दूध थंड ठेवायच्या त्या शीतगृहाबद्दल तुम्ही विचारलंत. आपल्या देशानं ते इथल्या दूध संघाला भेट दिलं, फीत कापली, तुम्ही कात्रणही जपून ठेवलंत. ते बंद आहे. उन्हाळ्यातच बंद पडलं. इथल्या मिस्त्रींनी हात लावायचा नाही, अशी करारात अट. आपला मिस्त्री यायचा तर त्याला इथल्या खात्याचं आमंत्रण हवं. इथलं खातं म्हणतं, तुम्ही आधी नाव कळवा. आपलं खातं म्हणतं, आमंत्रण आल्याशिवाय नाव कसं कळवणार? दोघंही एकमेकांना ‘आदरपूर्वक’ लिहितात. तिकडे बायका रोज नासलेलं दूध गटारात ओततात. मी तेव्हापासून हेच ऐकतेय, अप्पा. डोकं भणभणतं.

आणि आता म्हणे दुसरा टप्पा! आणखी तीन शीतगृहं. पहिलं मेलं तरी बारसं दुसऱ्याचं.

मार्चअखेर मी घरी येतेय. रजा शिल्लक आहे. चाळीस जणांना सांगत बसू नका.

तुमची,
धाकटी

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप अप्पा,

नमस्कार. तुमचं दोन ओळींचं पत्र आलं. ‘रजेवर येणारं माणूस परतीची तारीख लिहितं. तू शिष्टमंडळाबद्दल फलक आणि पंखा लिहिलास, बैठक लिहिली नाहीस.’

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला गाळलेली ओळ दिसणारच. मीच मूर्ख. तर ऐका.

बैठकीत दोन दुभाषी असतात. आपल्या बाजूचं बोलणं मी त्यांच्या भाषेत सांगते, त्यांचं बोलणं त्यांचा दुभाषी आपल्या भाषेत सांगतो. तो वयस्क गृहस्थ फार सज्जन. आम्ही त्याला साखरकाका म्हणतो, कारण समोरचा शिव्या देत असला तरी काकांच्या तोंडून ‘त्यांना थोडी काळजी वाटते’ एवढंच बाहेर पडतं. त्या दिवशी काकांना ताप भरला. आमचे वकिलातीतले साहेब म्हणाले, “दोन्हीकडचं तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या टप्प्याच्या करारावर सह्या तर करायच्यात.”

सह्यांच्या आधी दूध संघाच्या अध्यक्षबाईंना चार शब्द बोलायचे होते. उंच, खणखणीत आवाजाची बाई. कागद वगैरे नाही. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमचं यंत्र आलं तेव्हा आम्ही नाचलो. तुमच्या शब्दावर आमच्या बायकांनी जास्तीच्या गायी घेतल्या. आता यंत्राच्या खोलीत कोंबड्या अंडी घालतात आणि त्या बायका मला तोंडावर चोर म्हणतात. तुमच्या आणि आमच्या, दोन्ही सरकारांना लाज नाही. आधी पहिलं चालू करा. तोवर या कागदावर आमच्या संघाचा अंगठाही मिळणार नाही.”

आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख माझ्याकडे बघून हसताहेत. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. साहेब कानाशी येऊन हळूच म्हणाले, “आभार मानताहेत म्हणा. पुढे चला.”

अप्पा, मी फार विचार केला असं तुम्हांला वाटेल. नाही केला. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचे शब्द माझ्या ताब्यात होते आणि ते कुठे गेले हे तिला कधीच कळलं नसतं. मी सांगितलं. कोंबड्या सांगितल्या, चोर सांगितलं, लाज सांगितली.

प्रमुखांचं हसू मावळलं. “बंद आहे? मला तर चालू असल्याचा अहवाल आला होता!” त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब एका क्षणात म्हणाले, “सर, भाषांतरात काहीतरी गफलत झालीय. यांची भाषा तशी कच्ची आहे.”

सह्या पुढे ढकलल्या. वर्तमानपत्रात ‘तांत्रिक कारणास्तव’ आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बसवून चहा पाजला. म्हणाले, “तुम्ही हुशार आहात. गफलत झाली एवढं लिहून द्या. मी तुम्हांला दुसऱ्या वकिलातीत पाठवतो, नोकरी राहील. नाहीतर मला तुम्हांला परत पाठवावं लागेल, आणि कारण तेच लिहावं लागेल.”

“पण गफलत झाली नाही, साहेब.”

“ते तुम्हांला माहीत, मला माहीत. कागदाला कुठे माहीत?”

मी म्हटलं, ध्वनिमुद्रण आहे, साखरकाकांना ऐकवा. ऐकवलं. अप्पा, मी काकांचा ताप उतरायची वाट पाहत होते. बिचाऱ्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “शब्द बरोबर आहेत. पण जरा सौम्य करता आले असते.” साहेबांनी त्यातलं फक्त दुसरं वाक्य उचललं. नंतर जिन्यात काकांनी माझा हात धरला. “मुली, मला निवृत्तीला थोडंच राहिलंय,” एवढंच म्हणाले. मला त्यांच्यावर ओरडताही आलं नाही.

मी लिहून दिलं नाही. म्हणून परत येतेय. रजेवर नाही, काढून टाकलंय. आणि कारण लिहिलंय: भाषेचं अपुरं ज्ञान.

मागच्या पत्रात मला हे लिहिता आलं नाही. नोकरीचं मी लिहिलं असतं. हे तीन शब्द नाही लिहवले. ‘ही भाषा शिकून पोट भरणार का?’ असं आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, तेव्हा तुम्ही तिच्याशी वर्षभर बोलला नव्हतात. मात्रा चुकली तर तुमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि माझ्या नावावर आता हे.

तुम्ही विचाराल, मग शीतगृहाचं काय झालं? प्रमुखांनी परत गेल्यावर टेबल आपटलं असावं, कारण आपला मिस्त्री परवा आला. कोंबड्या हाकलल्या, यंत्र उघडलं, आणि कळलं की त्यानं आणलेला भाग या यंत्राला बसतच नाही. आता योग्य भागासाठी नवं पत्र जाईल. आदरपूर्वक. मी तिथे उभी होते. हसावं की रडावं कळेना. अध्यक्षबाई मिस्त्रीला काहीतरी विचारत होत्या, त्याला कळत नव्हतं, आणि माझी नेमणूक संपलेली. तरी सांगितलं. त्या विचारत होत्या, “जेवलास का?”

त्यांना माझं काही कळलेलं नाही. मी सांगितलंही नाही. त्यांच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे!

दादा म्हणेल, एक वाक्य गिळलं असतंस तर काय बिघडलं असतं. वहिनी मान डोलावेल. आत्या तर वाटच बघत असेल. त्यांना काय सांगायचं ते मी आल्यावर बघेन. मी काही फार मोठं केलं असं मला वाटत नाहीये, अप्पा. अभिमान वगैरे काही नाही. नुसता संताप येतोय, इतका की बॅग भरताना दोनदा सगळं बाहेर फेकलं.

तुम्ही मला समजावू नका. वेळ जाऊ दे, सगळं ठीक होईल, असलं काही लिहू नका. या वेळी फक्त माझी बाजू घ्या.

त्याच भरवशावर निघालेली,
धाकटी