तुम्ही मला विचारलं होतं, असं मी सांगितलं

अण्णा, आज कॉलेजच्या मीटिंगमध्ये मी तुमची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून मला तुमचा हेवा वाटतो आहे. गेलेल्या वडिलांचा हेवा करू नये, हे कळतं. तरी वाटतो.

मंगला गौरीच्या देवळाजवळचं आपलं घर. रविवारी सकाळी लोक जिना चढून येतात. एखादा बाप मुलाला पुढे ढकलतो, "गुरुजी, इसको किस लाइन में डालें?" तुम्ही पत्रिका उघडतच नाही. मुलाला विचारता, "दिन भर ऐसा क्या करते हो, जिस पर डाँट पड़ती है?" मूल आधी हसतं, मग बोलत सुटतं. पतंग, कबुतरं, उघडून ठेवलेला रेडिओ. मी आत पोहे परतत दाराशी सरकते आणि आई ओरडते, "कान आत घे, करपतील ते!" मला तुम्ही अक्षरं शिकवलीत, शब्दांची रूपं घोकून घेतलीत. तो प्रश्न मात्र कधी विचारला नाहीत.

आता मुलींना तोच प्रश्न विचारणं ही माझी नोकरी आहे. करिअर समुपदेशक म्हणतात. यंदा माझी खोली प्लेसमेंटवाल्या सरांना द्यायचं ठरत होतं. त्यांच्या बोर्डावर नेमणूकपत्रं धरलेल्या मुलांचे फोटो असतात. माझ्या अहवालात एवढंच, की चर्चा झाली. घरच्यांशी भांडून एक मुलगी नर्सिंगला गेली, त्याआधी सहा वेळा माझ्याकडे येऊन बसली होती. मी लिहिलं नाही. गेली ती स्वतःच्या हिमतीवर, मी श्रेय कसं घेऊ? शिवाय आठ वर्षांची असताना ग्वाल्हेरच्या पाहुण्यांना मी म्हटलं होतं, "मला अख्खा अध्याय येतो," आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आपलं काम आपण सांगू नये. दुसऱ्याला सांगू द्यावं." ते मी फार नीट पाळलं.

"मैडम, आपका काम दिखता नहीं," प्राचार्य म्हणाले. मुद्दे लिहिलेला कागद हातात होता, तो मी घडी करून बाजूला ठेवला. मग मी तुमचा प्रश्न सांगितला, ते रविवार सांगितले. समितीतले एक गृहस्थ एकदम ताठ बसले. "अरे, वो पंडितजी! रेडियो वाला तो मेरा भाई था!" बघा, वीस वर्षांनीही तुमच्यासाठी साक्षीदार न बोलावता हजर. मी माझ्या खोलीसाठी बोलायला गेले आणि कौतुक तुमचं झालं.

"और आपसे भी पूछा था उन्होंने?" प्राचार्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जी."

खोली राहिली. जिन्यात प्लेसमेंटवाले सर हसून म्हणाले, "आप तो पिताजी को ले आईं, हम किसको लाते?"

विचारलं असतंत तर माझं उत्तर तयार होतं, अण्णा. बोलणी खायची मी एकाच गोष्टीवरून, दाराआडून ऐकण्यावरून.

संध्याकाळी इतिवृत्त सहीसाठी आलं. त्यात लिहिलं होतं, मॅडमच्या वडिलांनी त्यांनाही हाच प्रश्न विचारला होता. मी एका ओळीतली वेलांटी सुधारली. ते वाक्य तसंच ठेवलं आणि सही केली.