अंघोळ घालताना

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

तुझं पत्र परवा मिळालं. आम्ही दोघं आहोत तसे आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांना स्वतःच्या घराचं दार ओळखू येईना, हे वाचून पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू विचारतेस, दादा, वहिनीचं सगळं एकट्याने कसं निभावतोस, मलाही शिकव.

तर ऐक. स्वयंपाक झाला की शेगडीची बटणं काढून खिशात ठेव. डेपोत इंजिन खोलताना मी नट ठेवायचो, तशी. संडासाच्या दारावर मोठं चित्र लाव. अक्षरांचा भरवसा नाही. गोळ्या त्यांच्या हाती देऊ नकोस, वारांचे कप्पे असलेली डबी आण. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तुझा फोन नंबर कायम असू दे. आणि ते ऑफिसला निघाले तर ‘तुम्ही रिटायर झालात’ म्हणू नकोस, ‘आज सुट्टी आहे’ म्हण. तुझी वहिनी अधूनमधून तिच्या वडिलांना शोधते. मी सांगतो, बाजारात गेलेत, येतीलच.

इथवर सोपं होतं.

वहिनी न्हाणीघरात पडली तेव्हापासून तुलाही धास्ती वाटते, असं लिहिलंयस. चिमे, ती पडली नव्हती.

तीन दिवस तिने अंगाला पाणी लागू दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी पाणी तापवलं, गोडीगुलाबीने तिला आत नेलं. बाही सोडवायला गेलो तर तिने मला ओरबाडलं. म्हणाली, “माझ्या नवऱ्याला बोलवा. तो तुम्हाला सोडणार नाही.”

माझा हात उठला. एकदा नाही, दोनदा. चष्मा फुटून काच भुवईत गेली. टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशा पडल्या? मी सांगितलं, साबणावरून पाय घसरला. ती शेजारीच होती. तिनेही मान डोलावली.

तिला त्यातलं काही आठवत नाही. पण फळीवरचा डबा काढायला जरी मी हात वर केला, तरी ती डोकं खांद्यात ओढून घेते.

महिनाभर हे पाहिलं आणि मग दवाखान्यात जाऊन खरं सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सलग झोप शेवटची कधी लागली, एवढंच त्यांनी विचारलं. आता रोज सकाळी एक नर्स येऊन अंघोळ घालते. तेवढा वेळ मी बाहेर जिन्यात बसायचं, अशी बाईंची ताकीद आहे. आतून वहिनीचं हसणं ऐकू येतं. माझ्याशी ती कधी हसली, ते आठवत बसतो.

लेकीलाही फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. चार दिवसांनी निरोप आला, एक तारखेला आईला न्यायला येते. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. मीही विचारलं नाही.

लोक म्हणत गेले, नवरा असावा तर असा. तूही म्हणालीस. ते ऐकायला इतकं गोड लागलं, की कुणाकडे मदत मागायची लाज वाटू लागली. तू तसं करू नकोस. आठवड्यातले दोन दिवस कुणालातरी घरी बसव, हातापाया पडावं लागलं तरी. आणि हात शिवशिवायला लागले की त्यांना खुर्चीत नीट बसवून तू खोलीबाहेर हो. पारोसे राहिले तर राहू देत.

हे पत्र ठेवलंस की आधी शेजारणीला हाक मार. मला उत्तर नंतर लिही, किंवा लिहू नकोस.

तुझा कोण, ते आता तूच ठरव,
दादा