अठरा दिवस तोंड बंद

चिरंजीव धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे ते कळव (यजमानांचा खोकला विचारत नाही, तो असणारच). आम्ही खुशाल, आणि मी तर इतकी खूश आहे की दुसरीपर्यंतच्या शिक्षणावर हे पत्र लिहायला बसलेय. ऱ्हस्वदीर्घ तुझं तू बघून घे.

तर आपली नात तेलाच्या विहिरीवर नोकरीला आहे ना (विहीर म्हणजे रहाटाची नव्हे, कोसभर खोल भोक, बादली सोडलीस तर तळाला लागेपर्यंत तुला पणतवंडं होतील), ती गेल्या महिन्यात जिन्यात उभी राहून फोनवर सांगत होती, "आत पाणी मुरतंय. अजून अठरा दिवस तोंड बंदच ठेवायचं. आधी उघडलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज." आणि बॅग उचलून गेली कामावर, तिकडेच राहायला. माझ्या हातातला कपड्याचा पिळा तसाच राहिला. पाणी मुरतंय म्हटल्यावर कुणाला काय वाटेल? कचेरीत लफडं आहे, पोरीला ते ठाऊक आहे, आणि आपल्या घरात नको तिथं तोंड उघडणारं माणूस कोण, तर मी. तिथल्या तिथं ओठ शिवले.

दूधवाल्याशी नाही, शेजारणीशी नाही. मुलानं डॉक्टर आणला. त्यानं जीभ बघितली, चांगली लांब आहे म्हणाला आणि गेला. पण गंमत पुढेच. सत्तावीस वर्षांत 'हो आई'च्या पुढे न गेलेली माझी सून चौथ्या दिवशी जेवताना बोलायला लागली. ती शाळेत पोहण्यात पहिली यायची, तुला माहीत होतं? मला नव्हतं. मी समजत होते हिच्या पोटात काही नाहीच. बिचारीला मधे शिरायला फट मिळाली नव्हती.

अठरा दिवसांवर चार मी पदरचे घातले, तेव्हा नात हसत घरी आली. विहीर उघडली होती, पाणी थोडं आणि तेल धरल्यापेक्षा जास्त. पहिल्या दिवसापासून 'उघडा, उघडा' म्हणणाऱ्या साहेबांनी स्वतः चहा आणून दिला म्हणे. मग मी विचारलं, आता बोलू का ग? माझी कथा ऐकून ती फरशीवरच बसली. नंतर तिनं विहिरीच्या तळातून आलेला पाटीसारखा काळा दगड पेल्यातल्या पाण्यात ठेवून दाखवला. खाली पाण्याच्या जोरानं असा दगड फोडतात आणि विहिरीचं तोंड बंद करतात. पाणी बारीक भोकांत मुरतं, तिथलं तेल फटींत येतं. घाई केली तर आपलंच पाणी परत येतं (फार दिवस ठेवलं तर काही दगड फुगून बसतात, म्हणून दिवस मोजायला शिकलेलं माणूस लागतं, आणि ते आपलं आहे). दुसऱ्या दिवशी दगडावर मोहरीएवढे तेलाचे थेंब. मी बघतच बसले. पोरीची नोकरी राहिली, मला सून मिळाली. एवढे आभार एकटीच्या पोटात मावेनात, म्हणून तुला लिहिलं.

तुझी,
थोरली

ता. क. तेव्हा तू तीनदा फोन केलास आणि मी नुसता श्वास घेतला. तुला वाटलं मला गर्व झाला. आता माझा फोन तू उचलत नाहीस. पत्र खरं त्यासाठीच आहे. सत्तर वर्षांत आपला अबोला दोन दिवसांवर गेला नव्हता. उचल ग.

आणखी एक. सुनेनं आत्ताच नातीला हळूच विचारलं, पुढची विहीर कधी बंद करणार.