नसरीन गप्प बसली तेव्हा

कर्वेनगर, पुणे
९ फेब्रुवारी २००३

ती. दादास धाकट्या नंदाचा सप्रेम जयभीम.

मी सुखरूप आहे. माझा संजय दिवसभर कंप्युटरच्या कंपनीत, मी घरी कुंड्यांना पाणी घालत असते. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का?

परवा शेजारच्या नसरीनचं लग्न झालं. इराणची पोर, इथे शिकते. दोघं आरशापुढे बसली. बायकांनी वर पांढरं कापड धरून त्यावर साखरेचे खडे घासले. लग्न लावणाऱ्याने तिला विचारलं, "कबूल आहे का?" पोर गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मी उठूनच म्हटलं, "अहो थांबा, हिच्या मनात नाही!" सगळे हसले. त्यांच्यात नवरी तिसऱ्यांदाच हो म्हणते, रीतच आहे तशी.

नंतर ती म्हणाली, "आजी, पूर्वी राजे तहासाठी लेकी परमुलखात देत. त्यांना कुणी विचारलं असेल?"

दादा, मी काही राजाची लेक नव्हते, पण मलाही कुणी विचारलं नाही. मी गप्प बसले आणि तू पेढे वाटलेस. दोष देत नाही. चाळीस वर्षं निभावलं, इतकंच.

अमेरिकेतल्या मुलाबद्दल आम्रपाली काही बोलत नाही, म्हणजे पसंत असणार, असं तू लिहितोस. लेकीला जवळ बसवून विचार. गप्प राहिली, तर पुन्हा विचार. तिसऱ्यांदाही बोलली नाही, तर त्या लोकांना नाही म्हणून कळव.

वहिनींना जयभीम, पोरीला माझा मुका.

तुझी,
नंदा